कारण लेखी द्या

आमचा मोबाइल गेम स्टोअरवरून काढल्याचा मेल आला. त्यात एका नियमाचा क्रमांक होता, ‘वारंवार उल्लंघन’ असे दोन शब्द होते आणि डेव्हलपर खातं कायमचं बंद केल्याची सूचना होती. नेमकं काय चुकलं, गेमच्या कुठल्या पानावर, कुठल्या आवृत्तीत, याबद्दल अक्षरही नव्हतं. खाली सहीच्या जागी एका विभागाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. तिथपासून खातं परत मिळेपर्यंत काय काय करावं लागलं ते इथे लिहितो आहे. आम्ही माहिती शोधत होतो तेव्हा फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या, म्हणजे एपिक विरुद्ध ॲपल आणि एपिक विरुद्ध गूगल या खटल्यांवर ढीगभर मजकूर मिळाला. पण दोन माणसांनी मिळून गेम केला असेल आणि तो असा गेला, तर आधी काय करायचं आणि नंतर काय, हे सांगणारं फारच थोडं हाती लागलं. स्टोअरचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

आम्ही दोघंच काम करतो. प्रोग्रॅमिंग माझ्याकडे, कोडी रचणं आणि चित्रं सहकारीकडे. गेम कोड्यांचा आहे. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचे संच विकत घ्यायचे. ही विक्री आम्ही स्टोअरच्याच पेमेंट पद्धतीतून करत होतो आणि त्यावरचं कमिशन देत होतो. गेममध्ये मदतीचं एक पान होतं, त्या पानावर आमच्या वेबसाइटची लिंक होती. वेबसाइटवर त्याच गेमची कॉम्प्युटरवर खेळायची आवृत्ती विकायला ठेवलेली होती. पुढचं सगळं प्रकरण त्या एका लिंकवरून झालं. गेमच्या आतून ग्राहकाला बाहेरच्या खरेदीकडे वळवायचं नाही, असा स्टोअरचा नियम होता. कायद्याच्या भाषेत अशा नियमांना अँटी-स्टीअरिंग म्हणतात. आमची लिंक पहिल्या आवृत्तीपासून जागची हललेली नव्हती आणि प्रत्येक अपडेटच्या वेळी स्टोअरच्या तपासनीसांनी गेम तपासून मंजूर केलेला होता. मग कधीतरी ती लिंक उल्लंघन ठरली. आधी गेम गेला, पाठोपाठ खातं गेलं, आणि आधीच झालेल्या विक्रीचे जे पैसे आमच्याकडे यायचे होते तेही अडकले.

अपीलसाठी एक फॉर्म असतो. त्यात ठरावीक अक्षरांइतकंच लिहिता येतं आणि पुरावा जोडायची सोय नसते. पहिल्या अपीलमध्ये आम्ही लिंक कशासाठी आहे ते समजावलं आणि हवी असेल तर लगेच काढतो असं लिहिलं. उत्तरात मूळ मेलचाच मजकूर परत आला. दुसऱ्या अपीलमध्ये मुद्दाम एकच प्रश्न विचारला: कुठल्या आवृत्तीतलं कुठलं पान नियमाबाहेर आहे? त्यावर निर्णय अंतिम असल्याचं उत्तर आलं. सहकारीने दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तर शेवटचं वाक्य सोडून ती शब्दशः सारखी होती. आमचं म्हणणं कुणा माणसाच्या नजरेखालून गेलं असेल, यावरचा विश्वास तिथे उडाला. मला राग आला तो शिक्षेपेक्षा या गोष्टीचा. दोन-तीन वर्षांचं काम बंद करताना समोरच्याला कारण सांगावं, इतकं सौजन्य कुठल्याही व्यवहारात गृहीत असतं.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर प्रत्येकाने ऐकवलं. दुसऱ्याच्या नावावर नवीन खातं काढा आणि गेमचं नाव बदलून टाका, असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. ते आम्ही केलं नाही. स्टोअर बँक खातं, फोन, पत्ता असे धागे जुळवून पाहतं, आणि बंद केलेल्या खात्याशी संबंध दिसला की नवीन खातंही बंद होतं. शिवाय तसं करणं म्हणजे आपण नियम मोडतो हे आपणच सिद्ध करून देणं. यामागचं कायदेशीर कारण आम्हाला पुढे वकीलबाईंनी सांगितलं, आणि ते एपिकच्या खटल्यातूनच आलेलं होतं.

वकीलबाई सॉफ्टवेअरचे करार करून देणाऱ्या. पहिल्याच भेटीत आमची सगळी कैफियत ऐकून घेण्याआधी त्यांनी विचारलं, “करार दाखवा. आत्ताचा नको, गेम काढला त्या दिवशी जो लागू होता तो.”

बहुतेक डेव्हलपर इथेच अडतात. स्टोअरचा करार वरचेवर बदलतो. बदलला की खात्यात एक चौकट येते, आपण खूण करून पुढे जातो, आणि जुना मजकूर साइटवरून नाहीसा होतो. माझ्या सहकारीला प्रत्येक वेळी नवा मजकूर उतरवून, तारीख घालून ठेवायची सवय आहे. तिच्याकडे सगळ्या आवृत्त्या होत्या. वकीलबाईंनी त्या ओळीने वाचल्या आणि आम्हाला पहिल्यांदा नीट समजलं की डेव्हलपर करार वेगळा आणि नियमावली वेगळी. करारात लिहिलेलं असतं की नियमावली पाळायची, आणि नियमावली स्टोअर वाटेल तेव्हा बदलू शकतं. म्हणजे आपण ज्यावर सही करतो त्यातला अर्धा भाग पुढे कधीतरी लिहिला जाणार असतो.

करारातली तीन कलमं त्यांनी पेन्सिलीने खुणा करून दाखवली. पहिलं, वाद कुठे चालवायचा. ॲपल आणि गूगल या दोघांच्याही जाहीर करारांत कॅलिफोर्नियाचा कायदा आणि तिथलीच न्यायालयं लिहिलेली आहेत. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून गेम करणाऱ्यालाही तेच लागू. दुसरं, भरपाईची मर्यादा. ॲपलच्या करारात ही मर्यादा ५० डॉलर आहे. तिसरं, करार संपवण्याचा अधिकार, आणि तो स्टोअरच्या बाजूने भरपूर सैल. मी विचारलं, “मग आमच्या हातात उरतं काय?” त्या म्हणाल्या, “नोटीस. आणि तुमच्याकडचे कागद. कागद किती आहेत ते आधी बघू, मग नोटीस किती जोरात लिहायची ते ठरवू.”

त्या दरम्यान त्यांनी आम्हाला एपिक विरुद्ध ॲपलचा २०२१ चा निकाल वाचायला लावला. १८५ पानांचा आहे. आम्ही तो आळीपाळीने वाचला आणि मी तर सांगेन की ज्याला स्टोअरवर गेम विकून पोट भरायचं आहे त्याने तो वाचावाच. कमिशन कसं ठरलं, तपासणी कशी होते, कंपनीच्या आत लोक एकमेकांना काय लिहितात, हे इतक्या तपशिलात एरवी कुठे समोर येत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. १३ ऑगस्ट २०२० ला एपिकने फोर्टनाइटमध्ये स्वतःची पेमेंट पद्धत चालू केली आणि तिथून खरेदी करणाऱ्याला गेममधलं चलन २० टक्के स्वस्त दिलं. त्याच दिवशी ॲपल आणि गूगल या दोघांनीही गेम काढून टाकला, आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवरही दावे दाखल केले. सगळी तयारी आधीपासून करून ठेवलेली होती. मग एपिकने तातडीने मागणी केली की निकाल लागेपर्यंत गेम परत ठेवायला सांगा. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ती मान्य केली नाही. ही अडचण एपिकने स्वतः ओढवून घेतली आहे, करार पाळला तर गेम परत येऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ॲपल त्याच्या जोडीने अनरियल इंजिन या एपिकच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची खातीही बंद करायला निघालं होतं, ते मात्र त्यांनी थांबवलं, कारण त्या इंजिनवर दुसऱ्या असंख्य डेव्हलपरांचे गेम उभे होते आणि त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

वकीलबाईंनी आम्हाला याच जागी थांबवलं. “तुम्ही मुद्दाम काही मोडलेलं नाही, हेच तुमचं बळ आहे. नवीन खातं काढलंत, कुठे जाहीर शिव्या घातल्यात, स्टोअरला डिवचायला म्हणून बाहेरच्या पेमेंटचं बटण लावलंत, तर ते बळ गेलं. एपिककडे वकिलांची फौज होती, तरी गेम परत मिळाला नाही.”

मूळ खटला मे २०२१ मध्ये तीन आठवडे चालला, ज्युरीविना. १० सप्टेंबर २०२१ ला निकाल लागला तेव्हा एपिकच्या दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपल जिंकलं. मक्तेदारीचा मुद्दा जिथे अडला ती जागा मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. मक्तेदारी सिद्ध करायची तर आधी बाजार कोणता ते ठरवावं लागतं. एपिकचं म्हणणं, आयफोनवरचं ॲपवितरण हाच एक स्वतंत्र बाजार. ॲपलचं म्हणणं, कन्सोल आणि कॉम्प्युटर धरून सगळ्या व्हिडिओ गेमचा बाजार. न्यायाधीशांनी दोन्ही नाकारून मोबाइल गेममधल्या डिजिटल व्यवहारांचा बाजार असं तिसरंच ठरवलं, आणि त्या बाजारात ॲपल बेकायदा मक्तेदार असल्याचं एपिकला सिद्ध करता आलेलं नाही, असं म्हटलं. ही एक व्याख्या ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंनी अर्थशास्त्रज्ञ उभे केले होते. शिवाय करारभंगाबद्दल एपिकलाच पैसे भरावे लागले. थेट पेमेंटमधून ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० मध्ये जमा झालेल्या १ कोटी २१ लाख डॉलरहून अधिक रकमेवर ३० टक्के, आणि त्यानंतरच्या वसुलीवरही तेवढेच.

हे वाचल्यावर मक्तेदारीचा दावा आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही, हे कुणी सांगायची गरज उरली नाही. पण दहावा मुद्दा होता तो आमच्या लिंकसारख्याच लिंकचा. बाहेर स्वस्त मिळतं हे ग्राहकाला सांगायला डेव्हलपरला बंदी करणं हा कॅलिफोर्नियाच्या अनुचित स्पर्धा कायद्याचा भंग आहे, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि बटण, लिंक किंवा दुसरं आवाहन यावरची बंदी उठवायला सांगितलं. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम ठेवलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंची याचिका ऐकायला नकार दिला. आमचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नव्हता. तो आदेश अमेरिकेपुरता होता आणि त्याच्या अंमलबजावणीवरूनच पुन्हा भांडण जुंपलेलं होतं. पण आमच्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा स्टोअरने स्वतः लिहून घेतलेला होता. त्या कायद्याखाली न्यायालयाने अशा बंदीबद्दल काय म्हटलं आहे, याची आठवण नोटिशीत करून द्यायला काहीच हरकत नव्हती.

आता कागद. आम्ही एक मोठा तक्ता बनवला. गेमची प्रत्येक आवृत्ती, ती तपासणीला कधी पाठवली, कधी मंजूर झाली, त्या आवृत्तीत मदतीचं पान कसं दिसत होतं. खातं बंद असल्यामुळे स्टोअरच्या बाजूची नोंद आम्हाला दिसत नव्हती. आमच्या कोडच्या इतिहासातून जुन्या आवृत्त्या पुन्हा तयार केल्या, जुन्या फोनवर चढवल्या आणि प्रत्येकीतल्या त्या पानाचं चित्रण केलं. फोनवर चालणारं घड्याळ आणि आवृत्तीचा क्रमांक दोन्ही चौकटीत येतील असं. कंटाळवाणं काम होतं आणि त्याला पर्याय नव्हता.

याच कामात सहकारीला एक जुना मेल सापडला. कधीतरी एका अपडेटच्या वेळी स्टोअरच्या तपासनीसाने गेम परत पाठवला होता. कारण काय, तर मदतीच्या पानावरची वेबसाइटची लिंक उघडत नाही, ती दुरुस्त करा. आम्ही सर्व्हरची अडचण निस्तरली, लिंक चालू केली, आणि पुढच्या तपासणीत गेम मंजूर झाला. ज्या लिंकसाठी आमचं खातं कायमचं बंद झालं, ती लिंक चालू करून द्या असं स्टोअरनेच आम्हाला लेखी सांगितलेलं होतं.

वकीलबाईंनी तो मेल दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “यावर नोटीस उभी राहते.”

मोठ्या खटल्यांतही पारडं फिरलं ते असल्याच कागदांनी, हे मला त्यानंतर जास्त जाणवायला लागलं. एपिक विरुद्ध गूगल हा खटला सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश जेम्स डोनॅटो यांच्यापुढे ज्युरीसमोर चालला. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने सगळ्या मुद्द्यांवर एपिकच्या बाजूने कौल दिला. एका स्टोअरविरुद्ध हरलेली कंपनी दुसऱ्या स्टोअरविरुद्ध पूर्ण जिंकली. यामागे कारणं अनेक आहेत. गूगलचे फोन कंपन्यांशी आणि मोठ्या गेम कंपन्यांशी झालेले करार ज्युरीपुढे आले. मोठ्या गेमवाल्यांना प्ले स्टोअरमध्ये धरून ठेवण्यासाठी ‘प्रोजेक्ट हग’ नावाने सवलती दिल्या जात होत्या, हेही आलं. स्पॉटिफायला स्वतःच्या पेमेंट पद्धतीवर काहीच कमिशन द्यावं लागत नाही, हे साक्षीत निघालं. सगळ्यांना एकच नियम असं आम्ही समजून चालत होतो, आणि इथे दर ठरवून घेता येत होता, फक्त आमच्या आकाराच्या लोकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पण या सगळ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. गूगलमधलं अंतर्गत चॅट एरवी २४ तासांनी आपोआप पुसलं जात होतं, आणि खटला समोर दिसत असतानाही ते जपून ठेवलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की पुसलेल्या चॅटमध्ये गूगलला अडचणीचं काही होतं, असा अर्थ तुम्ही काढू शकता. नसलेला कागदसुद्धा बोलला.

ॲपलचंही तेच. लिंकवरची बंदी उठवल्यावर ॲपलने लिंकमधून झालेल्या खरेदीवर २७ टक्के कमिशन लावलं आणि बाहेर जाणाऱ्या ग्राहकापुढे धास्ती वाटेल असा इशारा ठेवला. म्हणजे लिंक लावून डेव्हलपरच्या पदरात काही पडू नये. एपिक पुन्हा न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशांनी ॲपलने आदेशाचा जाणूनबुजून अवमान केल्याचं ठरवलं. या योजनेचा गाभा कधी ठरला, यावर कंपनीच्या एका वरिष्ठ वित्त अधिकाऱ्याने शपथेवर जानेवारी २०२४ सांगितलं होतं. अंतर्गत कागदांत तो जुलै २०२३ मध्येच ठरलेला दिसत होता. अधिकारी धडधडीत खोटं बोलला, असं निकालात लिहिलं आहे, आणि प्रकरण फौजदारी चौकशीसाठी सरकारी वकिलांकडे पाठवलं. ॲपलमध्येच वरिष्ठ अधिकारी असलेले फिल शिलर आदेश नीट पाळावा असं सांगत होते आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही, हेसुद्धा त्या निकालात आहे. २० मे २०२५ ला फोर्टनाइट अमेरिकेतल्या आयफोनवर परत आला. डिसेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने अवमानाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण कमिशन अजिबात घेऊ नका ही सरसकट बंदी मात्र मानली नाही. किती घेणं योग्य, हे आता पुन्हा खालच्या न्यायालयात ठरायचं आहे.

एपिकला मी छोट्यांचा तारणहार मानत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुलांची माहिती गोळा करणं आणि फसव्या बटणांतून नको ती खरेदी करायला लावणं या दोन प्रकरणांत त्याच कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यामुळे पेमेंटवर लक्ष ठेवलं नाही तर ग्राहक नागवला जाईल, हे स्टोअरवाल्यांचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. स्टोअरने तपासणी करावीच. माझं भांडण तपासणीशी नाही. तपासून मंजूर केलेली गोष्ट नंतर गुन्हा ठरवायची आणि कारण विचारलं तर तोच मजकूर परत पाठवायचा, याच्याशी आहे.

नोटिशीची भाषा ठरवताना वकीलबाईंनी युरोपचा नियम समोर ठेवला. युरोपीय संघात जुलै २०२० पासून असा नियम लागू आहे की ऑनलाइन मंचाने एखाद्या व्यावसायिकाची सेवा पूर्ण बंद करायची असेल तर किमान ३० दिवस आधी, कारणं देऊन, जपून ठेवता येईल अशा लेखी स्वरूपात कळवायला हवं. काही अपवाद आहेत. नंतरच्या डिजिटल सेवा कायद्यात असंही आहे की तक्रारीचा निकाल नुसत्या यंत्राच्या भरवशावर देऊ नये. “हे तुम्हाला लागू नाही, तुम्ही तिथले नाही,” त्यांनी स्पष्ट केलं. “पण स्टोअर तिथे हे करतं. म्हणजे त्यांना ते जमतं. तुमच्यासाठी का जमत नाही, एवढं विचारू.” हा मुद्दा मला अतिशय आवडला.

नोटिशीत तीन मागण्या होत्या. उल्लंघनाचं नेमकं कारण लेखी द्या. खातं आणि गेम पूर्ववत करा. अडकलेले पैसे द्या. भरपाई मागितली नाही, कारण करारातल्या मर्यादेमुळे त्यातून काही हाती लागणार नव्हतं आणि उलट बाकीच्या मागण्या बाजूला पडल्या असत्या. तक्ता जोडला, चित्रणं जोडली, तो मेल सगळ्यात वर ठेवला. करारात कायदेशीर पत्रव्यवहारासाठी जो पत्ता दिलेला असतो तिथेच ती पाठवली. अपीलच्या फॉर्मातून पाठवलेल्या मजकुराला नोटीस म्हणत नाहीत, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

बराच काळ काहीच आलं नाही. त्या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास झाला तो खेळणाऱ्यांच्या मेलचा. ज्यांनी पैसे देऊन संच घेतले होते त्यांनी फोन बदलला की गेम परत उतरवता येत नव्हता. लोक आम्हाला विचारत, पैसे घेऊन पळालात का? प्रत्येकाला उत्तर दिलं. काहींनी स्टोअरकडून पैसे परत घेतले, ते पुढे आमच्या अडकलेल्या रकमेतूनच वजा झाले.

मग उत्तर आलं, आणि या वेळी खाली माणसाचं नाव होतं. त्याने मदतीच्या पानाचं चित्रण पुन्हा मागितलं आणि त्या जुन्या मेलची मूळ प्रत, सगळ्या तांत्रिक नोंदींसकट. दोन्ही पाठवली. पुढच्या पत्रात प्रस्ताव होता की लिंक काढलेली आवृत्ती पाठवा, खातं अपवाद म्हणून पूर्ववत करू.

‘अपवाद म्हणून’ यावर आम्हा दोघांत कडाक्याचा वाद झाला. सहकारीचं म्हणणं होतं की असं मान्य केलं तर चूक आपली होती आणि त्यांनी दया केली, असा अर्थ होतो. मला ते पटत होतं. पण गेम बंद राहिलेला प्रत्येक दिवस पैसे भरलेल्या लोकांच्या मुळावर येत होता. शेवटी वकीलबाईंनी वाट काढली. आम्ही लिंक काढतो आहोत ती गेम लवकर सुरू व्हावा म्हणून, उल्लंघन झालं हे आम्हाला मान्य नाही, आमचे सगळे हक्क अबाधित आहेत आणि पहिली मागणी कायम आहे, असं पत्र सोबत जोडून आवृत्ती पाठवली. खातं उघडलं. पैसे नंतर आले, वजावट होऊन. त्यातला बराचसा भाग फीमध्ये गेला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुने अभिप्राय टिकले, यादीतली जागा मात्र गेली ती गेलीच. नवे लोक गेमपर्यंत पोचणं त्यानंतर कितीतरी कमी झालं.

छोट्यांच्या पदरात या सगळ्या भांडणांतून काही पडलं का, असं मला विचारतात. पडलं. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून कमिशन १५ टक्क्यांवर आणलं, गूगलने त्याच वर्षी जुलैपासून पहिल्या १० लाखांवर. खटले आणि चौकशा डोक्यावर नसत्या तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. अमेरिकेतल्या छोट्या डेव्हलपरांनी एकत्र येऊन लावलेल्या दाव्यांत ॲपलने २०२१ मध्ये १० कोटी डॉलरची आणि गूगलने २०२२ मध्ये ९ कोटी डॉलरची तडजोड केली. ॲपलच्या तडजोडीत हेही ठरलं की बाहेरच्या पेमेंटबद्दल डेव्हलपर आपल्या ग्राहकाला मेलने सांगू शकतो. आम्ही अमेरिकेतले नसल्यामुळे त्या पैशांशी आमचा संबंध आला नाही, पण एकट्याने लढायचं नसेल तर कुठल्या रस्त्याने जायचं ते त्या दाव्यांनी दाखवलं.

आम्ही लिंक अजून परत लावलेली नाही. जिथे परवानगी मिळाली आहे तिथे लावायची तर त्या देशापुरती वेगळी आवृत्ती ठेवावी लागेल, कर, परतावा, फसवे व्यवहार हे सगळं आपल्या अंगावर घ्यावं लागेल, आणि कमिशनचा आकडा ठरल्याशिवाय त्यात फायदा आहे की नाही हेही कळत नाही. दरम्यान सहकारीने करारांच्या जोडीने तपासनीसांचे सगळे निरोपही खात्याबाहेर उतरवून ठेवायला सुरुवात केली आहे, प्रत्येक आवृत्तीच्या चित्रणासकट.

तीनपैकी दोन मागण्या पूर्ण झाल्या. पहिली तशीच आहे. आमच्या गेममध्ये कुठलं उल्लंघन ‘वारंवार’ झालं होतं, याचं उत्तर स्टोअरने आजवर दिलेलं नाही. आमचा अंदाज असा की एकच लिंक प्रत्येक आवृत्तीमागे एकदा मोजली गेली, पण तो अंदाजच आहे, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच घडू नये यासाठी आम्हाला अंदाज पुरत नाही. वकीलबाईंनी त्याबद्दलचं स्मरणपत्र नुकतंच पाठवलं आहे, या वेळी थेट त्या नाव असलेल्या माणसाला.